अकरा हजार ‘नवे’ मेल: शिरोलीच्या एका फौंड्रीत मेल सर्व्हर बदलला त्याची हकीकत

८ मे २०२४, सकाळचे नऊ वाजून दहा मिनिटं. आदल्या दिवशी लोकसभेचं मतदान होतं आणि कारखान्याला भरपगारी सुट्टी होती. त्या सुट्टीतच कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीचा मेल सर्व्हर मी जुन्यावरून नव्यावर नेला होता. काम ठरल्या वेळेच्या आत झालं होतं. परचेसमधल्या काकांचा फोन आला तेव्हा मी चहाच घेत होतो.

“साहेब, हे काय झालंय बघा की. अकरा हजार मेल आलेत माझ्याकडं, सगळे नवे म्हणून दावतंय. आणि अजून येतच आहेत.”

पाठोपाठ डिस्पॅचमधून फोन आला, मग टूल रूममधून. सर्व्हरवर एकही चूक दिसत नव्हती. मेल येत होते, जात होते, लॉग, म्हणजे सर्व्हरची नोंदवही, स्वच्छ होता. तरीही दुपारपर्यंत कारखान्यातली निम्मी टेबलं बंद पडली असती. असं का झालं, कसं निस्तरलं आणि त्यानंतर आम्ही कामाची पद्धत कशी बदलली, ते तपशिलाने लिहितो आहे. मेल सर्व्हर बसवण्याची माहिती भरपूर मिळते. चालता सर्व्हर बदलताना माणसांच्या टेबलावर काय होतं, याची माहिती मला त्या वेळी कुठे मिळाली नव्हती.

आधी कारखान्याविषयी. ग्रे आयर्न आणि एसजी आयर्नचं कास्टिंग, सोबत मशिन शॉप. मुख्य युनिट शिरोलीत, दुसरं गोकुळ शिरगावला. मेलची खाती १२६. ग्राहकांची ड्रॉइंग, महिन्याची शेड्युलं, हीट नंबरप्रमाणे केमिकल रिपोर्ट, रिजेक्शनचे फोटो, सगळं मेलवरच. सर्व्हर स्वतःचा, ऑफिसमागच्या छोट्या खोलीत. २०१५ साली एका जाणकार माणसाने तो बसवला होता: ऑपरेटिंग सिस्टिम सेंटओएस ७, मेल घ्यायला-पाठवायला पोस्टफिक्स २.१०, मेल साठवून लोकांना द्यायला डव्हकॉट २.२, वेबमेलसाठी (ब्राउझरमधून मेल बघायला) राउंडक्यूब. काम नीटनेटकं होतं. तो माणूस पुढे पुण्याला गेला आणि देखभाल माझ्याकडे आली.

सेंटओएस ७ चं आयुष्य ३० जून २०२४ ला संपणार होतं. त्यानंतर सुरक्षेचे अपडेट बंद. मालकांशी पहिलं बोलणं जानेवारीत झालं. “चालतंय की व्यवस्थित. चालत्या मशिनला कशाला हात लावायचा?” हा त्यांचा प्रश्न रास्त होता. फौंड्रीत चालती भट्टी उगाच कुणी थांबवत नाही.

मी त्यांना एवढंच सांगितलं, की आपला अकाउंट्सचा सर्व्हर भिंतीच्या आत आहे, पण मेल सर्व्हरला सगळ्या जगासाठी दार उघडं ठेवावंच लागतं, तेच त्याचं काम आहे. मार्च २०२१ मध्ये मायक्रोसॉफ्ट एक्स्चेंजमधल्या चार त्रुटी बाहेर आल्या. २ मार्चला दुरुस्त्या निघाल्या, पण त्याच्या आधीपासून आणि नंतरच्या काही दिवसांत जगभरच्या कितीतरी सर्व्हरमध्ये चोरवाटा पेरल्या गेल्या. २०२२ मध्ये झिंब्राचं झालं ते तर आणखी अस्वस्थ करणारं. आलेल्या मेलची जोडफाइल विषाणू तपासणीसाठी उलगडताना सर्व्हर सीपीआयओ नावाचं जुनं साधन वापरायचा, आणि मुद्दाम रचलेली एक फाइल मेलने पाठवली की ती सर्व्हरवर हव्या त्या जागी जाऊन बसायची. कुणी काही उघडायचीसुद्धा गरज नाही. तात्पुरता उपाय काय, तर पॅक्स नावाचं छोटं पॅकेज बसवायचं आणि सेवा पुन्हा सुरू करायची. ज्यांनी ती बातमी वाचली त्यांचं पाच मिनिटांत भागलं. अपडेट बंद झालेल्या सर्व्हरवर अशी बातमी येऊन उपयोग नसतो. ३० जूननंतर आमच्यासाठी दुरुस्तीच निघणार नव्हती.

“मग गूगलवर का नेत नाही?” हा दुसरा प्रश्न. वीस खाती असती तर मी स्वतःच तसं सुचवलं असतं, आजही सुचवतो. पण १२६ पैकी निम्मी खाती दिवसाला चार-पाच मेलपुरती होती आणि भाडं प्रत्येक खात्याचं दरमहा द्यावं लागतं. शिवाय दोन ग्राहकांशी झालेल्या गोपनीयतेच्या करारात ड्रॉइंग कुठे साठवली जातात याबद्दल अटी होत्या. सर्व्हर घरचाच ठेवायचा असं ठरलं.

तारीख ठरवताना पावसाळा डोळ्यांसमोर होता. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या पुरात पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आलं आणि वाहतूक कित्येक दिवस बंद राहिली. कोल्हापुरातला माणूस शिरोलीला पोहोचू शकत नाही असे दिवस ज्याने पाहिले आहेत, तो सर्व्हरचं काम जूनअखेरीवर ढकलत नाही. २०१९ पासून रोजचा बॅकअप नदीच्या अलीकडे, गोकुळ शिरगावच्या युनिटमध्ये जातो, त्याचंही कारण तेच.

नव्या सर्व्हरसाठी ऑपरेटिंग सिस्टिम म्हणून मी डेबियन १२ घेतलं. जून २०२८ पर्यंत त्याला दीर्घ पाठबळ आहे, आणि त्यातलं पोस्टफिक्स ३.७ आणि डव्हकॉट २.३ हे जुन्याच घराण्यातलं. एकदम वेगळं सॉफ्टवेअर घेतलं असतं तर माझ्या आणि तिथल्या आयटी सांभाळणाऱ्या मुलाच्या हाताची सवय गेली असती. जुन्याच मशिनवर अपग्रेड करायचा विचार मी केला नाही. शेजारी नवं मशिन उभं करायचं, जुनं तसंच राहू द्यायचं. काही बिघडलं तर केबल काढून परत जुन्याला लावता येते, यासारखी निश्चिंती दुसऱ्या कशात नाही.

तयारी

जुन्या सेटिंगच्या फाइली उचलून नव्यावर टाकणं हा सर्वांत सोपा आणि सर्वांत वाईट मार्ग. मधल्या काळात मूळ सेटिंग बदललेली असतात. जुनी फाइल पाहिली की पोस्टफिक्स जुन्या वागणुकीवर राहून इशारे देत बसतं, आणि डव्हकॉट २.३ मध्ये टीएलएसच्या, म्हणजे संपर्क गुप्त ठेवणाऱ्या व्यवस्थेच्या, काही ओळींची नावंच बदलली आहेत. दोन्ही सॉफ्टवेअरमध्ये अशी आज्ञा आहे की मूळ सेटिंगपेक्षा वेगळं जेवढं आहे तेवढंच छापून मिळतं. ती यादी मी कागदावर काढली. डव्हकॉटच्या एक्केचाळीस ओळी निघाल्या. प्रत्येक ओळीपुढे मी लिहिलं: ठेवायची, बदलायची किंवा सोडायची. सोडायच्या सहा निघाल्या.

त्या सहांपैकी एकीत मेलला ओळखक्रमांक कसा द्यायचा ते लिहिलं होतं. मला ती कुठून तरी नकललेली, कधीकाळची ओळ वाटली. मूळ सेटिंग चांगलंच असणार असं मनाशी म्हणून मी पुढे गेलो. त्या ओळीचा अर्थ मला माहीत नव्हता आणि मी तो शोधलाही नाही. पुढचं सगळं तिथून सुरू झालं.

मेल साठवण्याची पद्धत मेलडिर होती, म्हणजे प्रत्येक मेलची वेगळी फाइल. मेल वाचला, उत्तर दिलं, तारा लावला, की हे सगळं त्या फाइलच्या नावाच्या शेपटीला अक्षरांनी लिहिलं जातं. म्हणजे मेल वाचला की फाइलचं नाव बदलतं. आरसिंक या फाइली नकलणाऱ्या साधनाने पहिली प्रत पाच दिवस आधी घेतली आणि शेवटची कामाच्या रात्री घेतली, तर मधल्या पाच दिवसांत वाचलेल्या मेलची दोन-दोन नावं तयार होतात, एक न वाचलेलं आणि एक वाचलेलं. म्हणून शेवटच्या फेरीत ‘इकडे नसलेलं तिकडून पुसून टाक’ हा पर्याय द्यावाच लागतो. तो देण्याआधी दिशा तीनदा तपासायची, कारण उलट्या दिशेने दिला तर तोच पर्याय सगळं पुसून मोकळा होतो. प्रत्येक खात्यात डव्हकॉट स्वतःच्या क्रमांकांची एक यादी ठेवतं, तीही सोबत न्यायची. ‘ही काय, परत तयार होईल’ म्हणून कुणी ती वगळली, तर आयमॅपवरचं, म्हणजे मेल सर्व्हरवरच ठेवून पाहणारं, प्रत्येक आउटलुक आणि प्रत्येक फोन सगळा मेल पहिल्यापासून उतरवायला लागतो. ती यादी मी नेली होती.

चाचणीसाठी सहा जण निवडले: आयटीचा मुलगा, अकाउंट्समधल्या दोन मॅडम, मालकांचे चिरंजीव, क्वालिटीचे मॅनेजर आणि मी. आठवडाभर सगळ्यांचं सुरळीत चाललं. आम्ही सहाही जण आयमॅपवर होतो. हे त्या वेळी माझ्या लक्षातच आलं नाही.

मतदानाची रात्र

६ मेच्या रात्री सेकंड शिफ्ट सुटल्यावर जुना सर्व्हर बाहेरच्या जगासाठी बंद केला. मालकांना एकच काळजी: “रात्री जर्मनीतून मेल आला तर?” मेलची व्यवस्था फार समंजसपणे रचलेली आहे, आणि हे ज्याला माहीत असतं तो घाई करत नाही. घेणारा सर्व्हर जागेवर नसला तर पाठवणारा मेल आपल्याजवळ ठेवतो आणि थोड्या थोड्या वेळाने पुन्हा येतो. किमान चार-पाच दिवस प्रयत्न सोडू नये असं एसएमटीपीच्या, म्हणजे मेल पोहोचवण्याच्या, नियमावलीतच म्हटलं आहे, आणि पोस्टफिक्स मुळातच पाच दिवस धरून बसतं. चार तास बंद राहिल्याने मेल हरवत नाही, उशिरा येतो. म्हणूनच दुसऱ्या क्रमांकाचा राखीव सर्व्हर लावण्याच्या मी विरोधात आहे. छोट्या कारखान्यात त्या राखीव दारातून स्पॅमच जास्त येतो.

हरवण्याचा खरा धोका वेगळाच असतो. सर्व्हर चालू आहे, पण अर्धवट बसवलेला आहे, आणि तो समोरच्याला ठामपणे सांगतो, “या नावाचं इथे कुणी नाही.” असं ऐकलं की पाठवणारा परत येत नाही, मेल लगेच परतवतो. यावर पोस्टफिक्समध्ये सॉफ्ट बाउन्स नावाचा एक पर्याय आहे. तो चालू ठेवला की प्रत्येक ठाम नकाराचं ‘आत्ता नाही, नंतर या’ होतं. कायमचा ठेवायचा नाही, पण बदलाच्या पहिल्या दोन दिवसांत तो ठेवलाच पाहिजे, असं माझं स्पष्ट मत आहे.

त्याचा उपयोग दुसऱ्याच दिवशी झाला. ७ तारखेला सकाळी मतदान करून मी परत आलो आणि लॉग चाळायला बसलो. एका ग्राहकाच्या पोर्टलवरून येणारा रिजेक्शनचा मेल तीनदा दारातून माघारी गेलेला दिसला. ज्या सामाईक पत्त्यावर तो येत होता, ते नाव जुन्या सर्व्हरवर भलत्याच फाइलमध्ये लिहिलेलं होतं आणि माझ्या यादीतून निसटलं होतं. नाव घातलं. चाळीसेक मिनिटांत त्यांचा सर्व्हर पुन्हा आला आणि मेल आत घेतला गेला. सॉफ्ट बाउन्स नसता तर ग्राहकाच्या पोर्टलला ‘हा पत्ता अस्तित्वात नाही’ असं उत्तर गेलं असतं, आणि ते निस्तरायला क्वालिटीच्या माणसांना फोनवर बसावं लागलं असतं.

नव्या सर्व्हरने जुन्याचाच आयपी पत्ता घेतला होता, त्यामुळे डीएनएसला, म्हणजे नावावरून पत्ता सांगणाऱ्या नोंदींना, हात लागला नाही. उलटी नोंद (पत्त्यावरून नाव), एसपीएफ (आमच्या नावाचा मेल कुठून येऊ शकतो ती नोंद), सगळं होतं तसं. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहूने पाठवणाऱ्यांवरचे नियम कडक केले होते आणि आमच्याकडे डीकेआयएमची, म्हणजे मेल खरंच आमच्याकडून गेल्याची खूण पटवणारी, सही नव्हती. तीही याच रात्री लावून टाकू, असं आयटीच्या मुलाचं म्हणणं होतं. मी नको म्हणालो. एका रात्रीत एकच बदल करायचा, नाहीतर सकाळी काय बिघडलं ते कळतं, पण कशाने बिघडलं ते कळत नाही. डीकेआयएम तीन आठवड्यांनी लावलं.

बुधवारची सकाळ

काकांचा फोन ठेवला आणि लॉग उघडला. पॉपवरून (सर्व्हरवरचा मेल आपल्या संगणकात उतरवून घ्यायची पद्धत) कुणी बाहेर पडलं की डव्हकॉट एक ओळ लिहितं: किती मेल उचलले, किती पुसले. काकांच्या खात्यासमोर उचललेल्यांचा आकडा अकरा हजारांच्या वर आणि पुसलेल्यांचा शून्य. बाकीच्या नावांसमोरही हजारांचे आकडे दिसायला लागले होते.

काय झालं ते समजायला पॉपची रीत माहीत हवी. मूळ कल्पना पोस्टाच्या पेटीसारखी आहे: या, मेल घ्या, पेटी रिकामी करा. पण कारखान्यात जवळपास प्रत्येक आउटलुकमध्ये ‘मेलची प्रत सर्व्हरवर ठेवा’ ही खूण केलेली असते. मग रोज सकाळी आउटलुकला कसं कळतं की यातले जुने कुठले आणि नवे कुठले? त्यासाठी १९९६ च्या आरएफसी १९३९ या पॉपच्या नियमावलीत यूआयडीएल नावाची सोय आहे. सर्व्हर प्रत्येक मेलला एक कायमचा ओळखक्रमांक सांगतो. आउटलुक घेतलेल्या मेलचे क्रमांक स्वतःजवळ लिहून ठेवतं आणि पुढच्या वेळी फक्त अनोळखी क्रमांकाचेच मेल उचलतं.

हा क्रमांक कसा रचायचा, हे डव्हकॉटमध्ये एका ओळीने ठरतं. मूळ रचनेत मेलचा क्रमांक आधी आणि पेटीचा क्रमांक नंतर, दोन्ही सोळाच्या पायावर लिहिलेले, अशी जोडी असते. आमच्या जुन्या सर्व्हरवर मात्र पेटीचा क्रमांक आधी, मग एक आडवी रेघ, मग मेलचा क्रमांक, साध्या आकड्यांत. ही रचना कुरिअर नावाच्या त्याहून जुन्या सर्व्हरची. म्हणजे २०१५ साली त्या पुण्याला गेलेल्या माणसानेही कुरिअरवरून डव्हकॉटवर स्थलांतर केलं होतं, आणि लोकांच्या आउटलुकना कळू नये म्हणून जुनी रचना जपली होती. त्याने ती ओळ समजून लिहिली होती. मी ती न समजता खोडली.

सर्व्हर बदलतो म्हणजे आपण सॉफ्टवेअर बदलतो असं वाटतं. पण जुन्या सर्व्हरने इतक्या वर्षांत शंभर-सव्वाशे संगणकांना शब्द दिलेले असतात: या मेलला मी याच नावाने ओळखीन, या दारात याच भाषेत बोलेन. नवा सर्व्हर ते शब्द पाळणार का, हे तपासणं हेच बदलाचं काम. बाकी सगळं एका संध्याकाळचं असतं.

९:४० ला पॉप तेवढं बंद केलं. सगळा सर्व्हर बंद करायचा मोह होतो, तो टाळला. बाहेरून मेल येणं, पाठवणं, आयमॅप आणि वेबमेल चालू ठेवले. इंटरकॉमवरून आणि विभागप्रमुखांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर निरोप दिला: आउटलुक उघडलं नसेल तर उघडू नका, तातडीचं असेल तर ब्राउझरमधून मेल बघा. मालकांना तीन वाक्यांत खरं काय ते सांगितलं, चूक माझी आहे हेसुद्धा. ते म्हणाले, “बरं. डिस्पॅचचं आधी बघा, अकराला गाडी भरायची आहे.”

आता मोजणी. पॉपवर एकूण ८३ खाती. त्यातल्या १९ जणांचं आउटलुक सकाळी सर्व्हरशी बोललं होतं. ८ जणांचा सगळा मेल दुसऱ्यांदा उतरला होता, ११ जणांचा अर्धवट. उरलेल्या ६४ जणांनी नव्या सर्व्हरचं तोंडही पाहिलं नव्हतं.

या ६४ जणांचा उपाय सरळ होता: खोडलेली ओळ परत लिहायची. लिहिली, पण लगेच सगळ्यांना दार उघडलं नाही. स्टोअर्समधल्या संगणकापुरतं पॉप उघडलं आणि स्वतः तिथे जाऊन सेंड-रिसीव्ह दाबलं. चौदा मेल आले, चौदाही दोन दिवसांतले. मग ११:२० ला सर्वांना उघडलं.

अवघड होते ते १९. पहिल्यांदा वाटलं, जुनी ओळ परत आली की त्यांचंही आपोआप बरं होईल. आयटीच्या मुलाने एका संगणकावर करून पाहायची तयारीसुद्धा केली होती, तेवढ्यात थांबवला. सकाळी त्या आउटलुकनी नव्या रचनेचे क्रमांक पाहिले, आणि जुने क्रमांक आता सर्व्हरवर नाहीत असं समजून आपल्या वहीतून खोडले. आता जुने क्रमांक परत दाखवले, तर ते त्यांच्यासाठी पुन्हा अनोळखीच, म्हणजे तिसऱ्यांदा सगळा मेल. काकांची पीएसटी, म्हणजे आउटलुक मेल साठवतं ती फाइल, आधीच ३८ जीबीची होती. आउटलुकच्या नव्या आवृत्त्यांत पीएसटीची मूळ मर्यादा ५० जीबी असते. आणखी एक फेरी झाली असती तर ती फाइल भरून आउटलुकने मेल घेणंच थांबवलं असतं.

म्हणून त्या १९ जणांना त्याच दिवशी आयमॅपवर नेलं. नवं प्रोफाइल केलं आणि जुनी पीएसटी शेजारी तशीच जोडून दिली. काहींच्या आउटलुकमध्ये ‘३० दिवसांनी सर्व्हरवरून पुसा’ असं होतं, त्यांचा जुना मेल फक्त पीएसटीतच होता. त्यामुळे ती टाकून देणं शक्यच नव्हतं. दुबार मेल काढायला एक युक्ती कामी आली. आउटलुकच्या यादीत ‘आल्याची तारीख’ मेलच्या डोक्यावरून घेतली जाते, म्हणून दोन्ही प्रतींची तारीख एकच दिसते. पण ‘बदलल्याची तारीख’ हा रकाना जोडून त्यावर क्रम लावला, की त्या सकाळी उतरलेली सगळी प्रत एकगठ्ठा खाली येते. पीएसटीची प्रत घ्यायची, गठ्ठा निवडायचा, तपासायचा, पुसायचा. एका संगणकाला पाऊण तास लागायचा. मी आणि तो मुलगा गुरुवारी रात्री नऊपर्यंत हेच करत होतो. काकांचा संगणक शेवटचा. ते थांबून राहिले होते आणि आमच्यासाठी वडापाव घेऊन आले होते.

उरलेली दोन दुखणी

त्याच बुधवारी आणखी एक शब्द मोडल्याचं कळलं. डेबियन १२ वर टीएलएस १.२ च्या खालचं बोलणं चालत नाही, आणि हे योग्यच आहे. पण अकाउंट्सचं झेरॉक्स मशिन स्कॅन करून मेल पाठवायचं ते जुन्या टीएलएसवर. स्पेक्ट्रोच्या, म्हणजे धातूतली द्रव्यं मोजणाऱ्या यंत्राच्या, लॅबमधला विंडोज ७ चा संगणकही तसाच. त्याला हात लावायचा नाही, कारण स्पेक्ट्रोचं सॉफ्टवेअर त्याच्यावरच चालतं. अशा वेळी सगळ्या सर्व्हरची सुरक्षा खाली आणून प्रश्न मिटवणारे मी पाहिले आहेत. दोन यंत्रांसाठी १२६ खात्यांचं कुलूप ढिलं करायचं नाही. झेरॉक्स मशिनला आतल्या नेटवर्कपुरतं, फक्त त्याच्याच आयपी पत्त्यावरून आणि फक्त कंपनीच्याच पत्त्यांवर मेल टाकायची वेगळी वाट दिली. स्पेक्ट्रोचा रिपोर्ट सामाईक फोल्डरमध्ये पडतो आणि तिथून सर्व्हर तो मेल करतो. त्या संगणकाला आता इंटरनेटच नाही. हे आधीच व्हायला हवं होतं.

दुसरं लॉगचं. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे लॉग १८० दिवस ठेवावे लागतात आणि सायबर घटना कळल्यापासून सहा तासांत कळवावी लागते. डेबियनवर आरसिसलॉग हे लॉग लिहिणारं सॉफ्टवेअर बसवलं की ते आठवड्याला लॉग फिरवतं आणि चारच ठेवतं, म्हणजे जेमतेम महिना. हा आकडा पहिल्याच दिवशी बदलायचा असतो. इथे तो बदललेला होता, म्हणून त्या बुधवारच्या १९ जणांची यादी मला आजही लॉगमधून काढून दाखवता येते.

जुनं मशिन केबल काढून, पण न पुसता, तीन महिने रॅकमध्ये ठेवलं. त्याला पुन्हा जोडायची वेळ आली नाही. सुरक्षेचे अपडेट आता नव्या सर्व्हरवर आपोआप बसतात. मोठी आवृत्ती मात्र हातानेच बदलायची, असं ठरवलं आहे.

मोठी आवृत्ती लवकरच समोर आली. ९ ऑगस्ट २०२५ ला डेबियन १३ निघालं, त्यात डव्हकॉट २.४ आहे, आणि २.४ ला २.३ ची सेटिंग फाइल चालतच नाही. नुसती ओळींची नावं नव्हे, आतली चिन्हं लिहायची रीतही बदलली आहे. म्हणजे त्या ओळखक्रमांकाची ओळ आता नव्या लिपीत लिहायची होती, आणि एक चिन्ह चुकलं तर तीच बुधवारची सकाळ. या वेळी एक्केचाळीसच्या एक्केचाळीस ओळींपुढे ‘कशासाठी’ असा रकाना केला, आणि ज्या ओळीचं उत्तर लिहिता येत नव्हतं ती ओळ पुढे जाऊ दिली नाही. चाचणीची माणसंही वेगळी निवडली: पॉपवर उरलेल्या ४१ पैकी तिघं, एक झेरॉक्स मशिन, आणि गाडीवर फिरणाऱ्या मार्केटिंगच्या माणसाचा फोन.

चाचणीचं मशिन मेलच्या प्रतीसह उभं केलं. स्टोअर्समधल्या संगणकाची पीएसटी आधी बाजूला काढून ठेवली, मग होस्ट्स फाइलमध्ये एक ओळ घालून त्याला तात्पुरतं चाचणीच्या सर्व्हरकडे वळवलं. आउटलुकच्या दृष्टीने खातं तेच, नाव तेच. परचेसचे काका मुद्दाम बघायला आले होते, खुर्चीच्या मागे उभे राहिले. सेंड-रिसीव्ह दाबलं. तीन मेल आले, तिन्ही त्या सकाळचे.